भोकाचा चमचा

एकतीस वर्षं मी रिब्नित्साच्या सॉमिलमध्ये
पट्टाकरवतीपाशी उभा होतो.
रोज साठ ओंडके. बीच, स्प्रूस, कधीमधी ओक.
करवत कुणाला काही विचारत नसे.
गाठ आली की आवाज जरा बदलायचा, एवढंच,
आणि मी सिगारेट ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायचो.

डाव्या हाताची करंगळी तिथंच राहिली,
एका नोव्हेंबरात, भुशात.
शोधली होती आम्ही.

आता येरित्सा म्हणते, बस.
तिचं अंगण, तिचं बुटकं स्टूल,
मांडीवर धार लावायचा कातडी पट्टा.
ती त्र्याऐंशीची. मला पोरा म्हणते.
मी चौसष्टचा.

लिंडनची ओली फाक हातात देते,
परवा पाडलेल्या फांदीची.
काकडी चिरल्यासारखा वास.
"सुरीला रेटू नकोस, अंगठ्यानं सांग.
कोपर बरगडीला लावून ठेव,
म्हणजे चुकलास तरी माझ्या कोंबड्या वाचतील."

पहिल्या दिवशी नुसती टोकं.
काठीला टोक काढायचं, छाटायचं, पुन्हा टोक,
काठी संपेपर्यंत.
याचं करायचं काय, मी विचारलं.
"चुलीत घाल."

दुसऱ्या आठवड्यात नस.
हे तरी मला येतं, वाटलं,
मी लाकडातला माणूस.
नसेच्या उलट सुरी घातली
तर ढलपी निघालीच नाही, चीर गेली,
थेट दांड्यापर्यंत,
एखादी गोष्ट बोलायला नको होती
आणि बोलून झाली, तशी.
येरित्सा हसली नाही.
"इतके ओंडके कापलेस," म्हणाली,
"एकालाही भेटला नाहीस."

एकदा मी शहाणपणा केला.
टीव्हीवर कुणी म्हणत होतं, चमचा लाकडात आधीच असतो,
आपण फक्त मोकळा करायचा.
ती बाजूला थुंकली.
"आत लाकूड असतं रे. आणखी लाकूड.
चमचा माझ्या पोटात असतो, भूक लागली की."

चौथ्याची मान मोडली.
पाचवा बटाट्यांच्या पोत्यात पुरून ठेवायला विसरलो,
रात्रीत तडकला.
सहाव्याला गाठ लागली.
तिथून कधीतरी एक फांदी निघाली होती
आणि झाड तिला वळसा घालून वाढत राहिलं होतं.
करवतीला अर्धा सेकंद लागला असता.
मी दुपारभर तिच्याभोवती फिरलो,
केसभर, केसभर,
आणि नसलेलं बोट दुखत राहिलं.
चार बोटांतून काम निसटत होतं.

येरित्सानं माझा हात उलटून पाहिला,
बाजारात गाजर बघतात तसा.
आत गेली. एक फळी आणली, दोरी ओवलेली,
माझ्या गळ्यात घातली.
"बूड हिला टेकव आणि सुरी छातीकडे ओढ.
मातेव्झची आहे. त्याला अंगठा नव्हता."
फळीवर हजारभर बारीक चिरा,
सगळ्या हृदयाच्या जरा खाली थांबलेल्या.

सातव्याची वाटी वाकड्या सुरीनं कोरत गेलो.
पातळ. अजून पातळ.
उन्हात धरला तर पलीकडून बोटाची सावली दिसायला लागली.
तिथं थांबायला हवं होतं.
एक ढलपी आणखी काढली, नखाएवढी,
आणि चमच्यातून कोंबडी दिसली.

मी निघालो चुलीकडे.
तिनं वाटेतच काढून घेतला,
उकळत्या पातेल्यात बुडवला, अंडं वर काढलं.
पाणी भोकातून शांतपणे निथळून गेलं.
"हा मला लागतो," म्हणाली.
"असाच आणखी एक कर. माझ्या बहिणीला."

तेव्हापासून बसलोय.
मुद्दाम पाडायला गेलं की
सुरी आपोआप वेळेवर थांबते.
तीन झाले.
तिन्ही धड.