अकरावी ओळ

कुताइसीच्या जुन्या नाट्यगृहात, प्रॉम्प्टरच्या खोक्यात
एकोणीस वर्षं बसते आहे मी, गुडघ्यांवर शाल, शालीवर संहिता.
इथून नटांचे फक्त बूट नीट दिसतात.
वाझिकोचे बूट कधीच जागेवर नसतात.

पहिल्या अंकात तो कुंपणावरून उडी मारतो, फाटक उघडं असताना.
दुसऱ्यात अंगठी देतो, नाव विचारायच्या आधी.
तिसऱ्यात तलवार उपसतो, मग म्हणतो, "काय म्हणालास?"
आणि पाचव्यात, बुरुजावरून,
त्याला तिच्या खिडकीत दिवा दिसत नाही.

तेल संपलंय रे बाबा. एवढंच.
ती तेल आणायला जिना उतरली आहे.
त्याच्या उडीनंतर अकराव्या ओळीला दिवा लागतो,
ती ओळ माझ्या बोटाखाली आहे.

काल नवा पोरगा होता, इराक्ली, ओठांवर नुसती लव.
ऐन बुरुजावर अडला.
माझ्याकडे पाहिलं.
मी शब्द दिला नाही.
एक श्वास. दोन. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खोकलं.
विंगेत ताम्रिको काडेपेटी घेऊन उभी;
मनात म्हटलं, पेटव गं, आज जरा लवकर पेटव.

त्यानं अख्खं भाषण गिळलं
आणि उडी मारली.

गाद्यांवर धप्प.
मग दिवा लागला, संहितेप्रमाणे.

रात्री रिओनीच्या पुलावर त्यानं मला गाठलं.
"मावशी, शब्द का दिला नाहीस?"
मी शाल सावरली, तोंड उघडलं,
तोवर तो पलीकडच्या बसमागे धावत होता.