खरं

खानापूरच्या पुढे, नंदगडच्या रस्त्याला,
कौलांचा कारखाना बंद पडून एकतीस वर्षं झाली.
रिक्षावाला फाट्यावरच थांबला.
"सोडतो, खरं न्यायला येत नाही," म्हणाला.
मी सांगलीची.
मला वाटलं, शपथ घेतोय.

याआधी निपाणीची तंबाखूची वखार झाली होती,
लोंढ्याजवळचं सिग्नलचं खोपटं,
घटप्रभेच्या काठचा एक बंगला, ज्याला जिनाच नव्हता.
सगळीकडे वटवाघळं, फुटक्या बाटल्या,
बदामात कोरलेली, नंतर खोडलेली नावं.
भीती दर खेपेला मलाच घरून न्यावी लागायची,
पाण्याच्या बाटलीसारखी, भरून.

गेटपाशी पालथ्या फळीवर एक म्हातारा शेंगा फोडत बसलेला.
फकिराप्पा बडिगेर. वॉचमन.
"शेवटचा पगार कधी झाला?"
त्यानं टरफलं झाडली.
"आत बाई रडते म्हणतात," मी विचारलं.
"रडते की."
"कानडीत, का मराठीत?"
तो हसला नाही. एक किडका दाणा बाजूला ठेवला.
"आधी कोंकणीत रडायची.
कामावर लागल्यावर दोन्ही शिकली."

रात्र भट्टीच्या तोंडाशी काढली.
तिपाईवर कॅमेरा, लाल ठिपका चालू.
धुराड्यात पाकोळ्या कुजबुजत होत्या,
साच्यांच्या रांगेवर तीन दशकांची धूळ
पिठासारखी चाळून पसरलेली.
दीडच्या सुमाराला कौलावर कौल ठेवल्याचा आवाज.
मग हुंदका. मग आकडे:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
विसाच्या पुढे आवाज मराठीत आला.
एकवीस, बावीस, तेवीस.

मी बॅटरी मारली.
डोक्यावर टॉवेल घेतलेला फकिराप्पा,
कौलांच्या थप्पीवर हात ठेवून,
आकडा चुकल्यामुळे वैतागलेला.

"रडणं पण तुम्हीच?"
"आठवड्यातनं दोनदा. गळा धरतो आता."
सागाचे वासे चोरांनी नेले, पत्रे नेले,
वजनकाट्याची साखळीसुद्धा.
कौलं राहिली. एकशे अकरा जणांचं देणं आहे,
बेळगावच्या कोर्टात तारखा पडतात,
माल विकला तर त्यातनं काही मिळेल.
एकशे अकरातले चाळीस आता
मिळालं तरी घ्यायला येणार नाहीत.
"पोलीस दोनदा येऊन चहा पिऊन गेले, अक्का.
ही बाई मात्र रोज ड्युटीला."

"म्हणजे भूत नाही."
"भूत नाही, खरं..."

तिकडे 'खरं' म्हणजे 'पण',
हे मला तेव्हा, तिथे, अंधारात कळलं,
कारण तो पुढे बोलायचा थांबला नाही:
"खरं शनवारी मी घरी असतो.
शनवारीबी ऐकलंय लोकांनी."
टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.
"मी चौकशी केली नाही. मला तेवढीच मदत."

त्यानं एक कौल काढून दिलं.
पाठीवर चार बोटांचे ठसे,
ओलं असताना कुणीतरी घाईनं उचललेलं,
मग भट्टीत गेलेलं, तसंच.
"हिचंच का हे?"
"कसं सांगू. दिवसाला दोन हजार उचलायच्या बायका."
मी माझी बोटं त्यात ठेवून बघितली.
तीन बसली. करंगळी बाहेर राहिली.
कौल कोमट होतं,
दिवसभर ऊन खाल्लं असेल.

सोबत न्यायचा मोह झाला, नाही म्हणत नाही.
परत ठेवलं. त्यानं थप्पी पुन्हा मोजायला घेतली,
ओंदुपासून.

सकाळी फाट्यापर्यंत चालत आले.
बसमध्ये वही उघडून लिहिलं:
जाऊ नका. आत बाई रडते, मी कानांनी ऐकलं,
वस्तूंना हात लावाल तर मोजून घेते.
तो वार कुठला होता हे मी लिहिलं नाही.
खाली नुसतं 'खरं' असं लिहिलं,
आणि पुढे सुचायच्या आत
खानापूरचं स्टँड आलं.