धडा अकरावा

मासे कापायच्या कारखान्यात हातमोज्यांच्या दोन जोड्या देतात,
तरी बोटं बधिर होतातच. त्याच बोटांनी
मी कागद लावले: पगाराच्या सहा पावत्या,
घराचा भाडेकरार (बावन्न चौरस मीटर, दोघांना पुरे),
आणि लग्नाचा दाखला, अनुवादासकट, शिक्क्यावर शिक्का.

दाखल्यावर त्यांचं साल आहे.
त्यांचं पंचांग आमच्याहून सात-आठ वर्षं मागे चालतं,
म्हणून कागदोपत्री आमचं लग्न
आम्ही भेटायच्या आधीच लागलेलं.
अनुवादकाने तशी तळटीप दिली. तिचे चाळीस युरो वेगळे.

यारेद अदिस अबाबात रोज संध्याकाळी क्लासला जातो.
पहिल्या पायरीची जर्मन आल्याशिवाय व्हिसा नाही.
पूर्वी आम्ही मोडक्या इंग्रजीत भांडायचो, छान भांडायचो.
आता त्याने पण केलाय, बोलेन तर तुझ्याच भाषेत.
फोन उचलला की विचारतो,
"स्टेशन कुठे आहे?"
"मला अर्धा किलो टोमॅटो हवे आहेत."
"तुमचा छंद कोणता?"
अरे, मला 'तू' म्हण.
परीक्षेत 'तुम्ही' लागतं, म्हणतो.
एकदा मात्र, पुस्तक न चाळता, सावकाश:
"माझा एक भाऊ आहे. त्याचं नाव हबतामू.
त्याला पोहायला आवडतं."

ल्यूडर्स बाईंच्या टेबलावर एक निवडुंग होता
आणि नव्वद प्रश्न.
त्याच तासाला तेच प्रश्न तिकडे वकिलातीत,
मध्ये दुभाष्या बसवून, त्याला.
इथे सकाळचे दहा, तिथे अकरा,
सूर्योदयापासून मोजणाऱ्या त्याच्या घड्याळात पाच.

नवऱ्याच्या टूथब्रशचा रंग?
तो काडीने दात घासतो.
पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो?
पलंग इतका अरुंद होता, बाजू नव्हत्याच.
सासूचं नाव? सांगितलं.
भावंडं?
एक भाऊ. हबतामू. पोहतो.

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावणं आलं.
बाईंनी एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं.
"तुमचे पती म्हणतात, भाऊ होता.
एकोणिसाव्या वर्षी तलावात बुडाला.
आपल्या नवऱ्याला भाऊ आहे की नाही,
एवढंही तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हणाले, बाई,
तो सातव्या धड्यावर आहे.
भूतकाळ अकराव्या धड्यात येतो.

त्या हसल्या नाहीत. काहीतरी लिहिलं,
बरंच लिहिलं. मला उलटं वाचता येत नाही.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं,
दुभाष्यासमोर, आईच्या बोलीत
त्याच्याजवळ सगळे काळ होते.
माझ्याशी बोलताना एकच.
त्या एका काळात हबतामू रोज सकाळी उठतो,
टॉवेल खांद्यावर टाकतो,
तलावाच्या वाटेला लागतो.

मी फोनवर काही विचारलं नाही.
आठव्या धड्यात कपडे झाले. नवव्यात हवामान.
("आज पाऊस आहे." इथे नव्हता, तिथेही नव्हता.)
दहाव्यात डॉक्टर: "माझं डोकं दुखतं, माझा पाय दुखतो."
तो पास व्हावा म्हणून मी देव न मानणारी बाई
कारखान्यातल्या पोलिश मैत्रिणीबरोबर मेणबत्ती लावून आले,
आणि लावता लावता मनात म्हणत होते,
सावकाश, यारेद, एवढी घाई नको.

काल त्याचा फोन उशिरा आला.
आज नवीन धडा झाला, म्हणाला. मग गप्प.
मागे कुणाच्या तरी घरी भांडी घासल्याचा आवाज.
आणि मग, पाढा म्हणावा तसं:
"माझा एक भाऊ होता."
क्रियापद जागेवर. उच्चार स्वच्छ.
मी काही बोलणार,
तेवढ्यात त्याने पुढचं वाक्य घेतलं,
"त्याला पोहायला आवडतं."

एरवी मी त्याच्या चुका तिथल्या तिथे सांगते.
काल म्हणाले, हं, पुढे?