लोंढ्याच्या मालधक्क्यात

जुन्या मालधक्क्याला निळा रंग दिलाय,
दारावर पाटी, तीन लिप्यांत.
आत जायला दहा रुपये, कॅमेऱ्याला वीस,
म्हणजे माझ्यापेक्षा माझा डोळा दुप्पट महाग.
अडिवेप्पा पावती फाडतो, चष्म्यावरून बघतो.
"खानापूरच्या स्टुडिओवाल्या न्हवं तुम्ही?
आमच्या पोरीचा पासपोर्टचा फोटो तुम्हीच काढलासा.
कान दिसंना म्हणून तीनदा काढलासा."

आत डांबराचा, घासलेटाचा,
पोत्यांच्या जुन्या धुळीचा वास.
मीटरगेजच्या रुळाचा हातभर तुकडा.
धुक्यात रुळावर ठेवायचे फटाके, रिकामे.
एक हातदिवा: लाल काच, हिरवी काच,
तिसरी फुटलेली, तिच्या जागी पुठ्ठा.
मी टिपत जाते, गुडघ्यावर बसून, श्वास धरून.
नवरीच्या मेंदीचे काढते तसे अगदी जवळून
एका गंजक्या बोल्टचे सहा.

मग काचेच्या कपाटात ती.
वेताची कडी, कडीला चामड्याची पिशवी,
पिशवीत लोखंडाचा गोळा, मोसंबीएवढा.
खाली लिहिलंय: एकेरी मार्ग.
गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचे नाही.
एवढंच. देणाऱ्याचं नाव नाही.
देणारे पुष्कळ होते, हे मलाही कळतं.
त्यातला एक मष्णू बिर्जे,
रात्रपाळीला भाकरी बांधून जायचा,
धावत्या इंजिनाकडे कडी उंच धरायचा,
सकाळी उजवं कोपर सुजवून घरी यायचा.
आई मिठाच्या पाण्यानं शेकायची, कुरकुरायची,
"थांबून घ्यायला काय होतं त्यांना?"
बाबा हसायचे.
"थांबली तर गाडी कसली?"

काचेत मी येते. दर फोटोत मीच,
पोटात कडी, कपाळावर ट्यूबलाइट.
डावीकडून बघते. उजवीकडून. वाकून.
"निल्री, स्वल्प निल्री," म्हणत अडिवेप्पा जातो
आणि स्वतःची छत्री घेऊन येतो,
काळी, एक काडी मोडलेली.
माझ्या पाठीमागं ती उघडून धरतो.
बाहेर कडकडीत ऊन,
आणि छपराखाली छत्री धरून आम्ही दोघं.
"आता दिसूलंय काय?"

दिसूलंय.
वेताला गेलेली चीर,
चिरेवर गुंडाळलेली सुतळी, सुतळीची गाठ.
माझ्या दप्तराचा बंद तुटला की
घरात अशीच गाठ पडायची,
दोन वेढे, तिसरा उलटा, शेपूट आत.
मी विचारते, ही गाठ कुणाची असेल हो?
तो वाकून बघतो.
"आम्ही बी अशीच मारतो की."

तरी त्या गाठीचे अकरा काढले.
कॅमेरा धरताना माझं कोपर बाहेर येतं,
छत्रीला लागतं.
"मागं सरा," तो म्हणतो, "गाडी आली तर नेईल."
आणि खरंच मालगाडी येते, कोळशाची,
फलाटावर कुणी उभं नाही,
कुणाकडून काही न घेता निघून जाते.
काच थरथरते. तेवढा एक फोटो हलला.
तोच ठेवीन बहुतेक.

निघताना तो तारखेचं यंत्र दाखवतो,
कोऱ्या तिकिटाचा पुठ्ठा खाटकन दाबून देतो.
"चाकं अडकल्यात. येईल त्याला हीच तारीख."
कुठला वार होता हो?
त्याला आठवत नाही. मलाही.

खानापूरच्या बसला गर्दी नव्हती.
बायकांना प्रवास फुकट, फक्त आधारकार्ड दाखवायचं.
घाईत मी तो पुठ्ठाच पुढं केला.
कंडक्टरनं उलटा केला, सुलटा केला,
नखानं तारीख चाचपली.
"ह्याच्यावर फोटो कुठाय, अक्का?"
म्हणाला,
आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं.