ब्याजार

मंगळवारी तेरा नंबरच्या खोलीत
मी दोन भाषांच्या मधल्या स्टुलावर बसते.
डॉक्टर दावणगिरीचे, त्यांचं कानडी पुस्तकातलं,
माझं भाजी घेता घेता शिकलेलं.
पेशंट म्हणतो, 'बेजार आलाय बघा बाई.'
मी म्हणते, 'ब्याजार आगेदंत री.'
'बे'चा 'ब्या' होताना
मधे काय सांडतं, मला कळत नाही.

तवनाप्पा मगदूम, निपाणीकडचे.
वखारीत तीस वर्षं तंबाखूच्या काट्यावर.
पहाटे तीनला डोळे उघडतात,
कुणी हाक मारून उठवल्यासारखे,
मग तिन्हीसांजेपर्यंत उजाडत नाही.
दिवे लागले की जरा बरं.
तेव्हा अर्धी भाकरी.
नातू मांडीवर येऊन बसला, त्याबद्दल म्हणाले,
'वजन कळालं. नातू कळाला नाही.'

फिलोमिना खानापूरची.
बारा बारा तास झोपते, उठून पाव खाते, परत झोपते.
मावसबहीण मडगावहून आली की खळखळून हसते,
ती बसमध्ये चढली
की हातपाय ओल्या वाळूची पोती.
सासू म्हणते, सोंग. हसायला येतंय की हिला!
हसणं आणि बरं असणं
हे एकच का, असा प्रश्न
फॉर्मवर नव्हता. मी विचारला नाही.

शून्य, एक, दोन, तीन.
झोप बिघडली आहे काय?
दोघंही म्हणाले, होय. दोघांनाही दोन.
त्यांची बेरीज एकोणीस. तिचीही एकोणीस.
तवनाप्पांना आकडा सांगितला
तसे पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले,
'काट्याला वजन कळतं, बाई.
माल नाकानं बघायचा असतो.'

बाहेर बाकावर इराण्णा.
चैत्रात एका दुपारी तीन फ्रिज घेतले होते त्यानं,
एक बसस्टँडवरच्या हमालांना देऊन टाकला, थंड पाण्यासाठी.
आता ओठावर माशी बसली तरी हात उचलत नाही.
बायको विचारते, 'हेही तेच काय?'
डॉक्टर म्हणाले, याचा कागद वेगळा, गोळी वेगळी.
मी मराठीत सांगितलं,
ती घाबरणार नाही एवढंच.

शेवटी अनंत लोकरी, वडगावचा, मागावरचा.
बेरीज नऊ.
'अकरा वर्षं झाली असतील. स्वभावच माझा असा,' म्हणाला,
चष्मा पुसत, माफी मागितल्यासारखा.
नऊ म्हणजे सौम्य.
नवाला अकरानं गुणायचं का,
हे कागदावर कुठेच छापलेलं नाही.

जाताना टेबलावर कुंद्याचा पुडा ठेवला.
'मुलगी पास झाली. आनंद झाला पाहिजे ना,
म्हणून आणला.'

खोली रिकामी झाल्यावर
मी पुड्याची दोरी सोडली
आणि चिमूटभर जिभेवर ठेवला,
गोड लागतो का बघायला.