हुडकणं

अक्काताई चौगुलेनं टेबलावर चिठ्ठी ठेवली :
'लेबर अँड स्किन', शहाऐंशी साल, बहुतेक पावसाळ्यातला अंक.
तिच्या मावशीचे हात त्यात छापलेत.
पुण्याहून एक डॉक्टरीण आली होती तेव्हा निपाणीत,
वखारीच्या दारात उभी राहून
पाला निसणाऱ्या बायकांना म्हणाली, हात दाखवा.
सगळ्यांनी पदराला पुसून दाखवले.
मावशीनं नाही पुसले.

आता मावशी नाही.
घरात तिचा फोटो नाही,
रेशनकार्डावरचा धरला तर तोही अर्धा शिक्क्याखाली.

मी यादी उघडली.
आमच्या कॉलेजला चार डेटाबेस. म्हणजे तीन.
चौथ्याचे पैसे मार्चपासून थकलेत,
नाव तेवढं भिंतीवरच्या तक्त्यात राहिलंय.
पहिल्यात जर्नल आहे, पण एक्याण्णवपासून पुढं.
दुसऱ्यात आहे, पण नुसता सारांश :
पाच ओळींत चाळीस बायका.
तिसरा म्हणतो, असं जर्नलच नाही.
मग 'अँड' काढून तिथं खूण घातली,
पुढं 'द' लावला, 'द' काढला,
आठ आकड्यांचा नंबर टाकला,
ज्यातला शेवटचा आकडा कधीकधी आकडाच नसतो.

"नसंल तर ऱ्हाऊ दे की ओ," अक्काताई म्हणाली.
सरकारी दवाखान्यात तिची ड्यूटी तीनला.

ऱ्हाऊ कसं द्यायचं?
जर्नलनं मधे नाव बदललं असणार.
ते ओळखायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.
इथं एका गावाची तीन स्पेलिंगं,
बसच्या पाटीवर एक, आजोबांच्या दाखल्यावर दुसरं,
आणि आमच्या कार्डांच्या खणात अजून
बेळगाव वेगळं, बेळगावी वेगळं,
मधे दुसऱ्याच कुठल्या गावांची सत्तर कार्डं.

धारवाडला ईरण्णाला फोन लावला.
कुठलं जर्नल कुठं दडलंय
ते त्याला दुकानदाराला बरण्या माहीत असतात तसं माहीत.
तो कन्नडात बोलतो, मी मराठीत,
खंड आणि अंक तेवढे इंग्रजीत.
"हुडुकतीनी, तडी," म्हणाला.
हुडक बाबा, म्हटलं.
हा शब्द कुणी कुणाकडून नेला
ते कुठल्याच रजिस्टरात नाही.
परत कर म्हणून कुणी कार्डही धाडलेलं नाही.

दोन चाळीसला त्याचा निरोप :
जुनं नाव सापडलं. पाचव्या खंडापासून आहे,
आठवा गाळलाय, आपला सातवा.
आपल्याकडं नसलेल्या चौथ्यात.
त्यानं त्याच्याकडून पान पाठवलं.

झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून घेतलेलं.
हात कसले, शाईचे दोन डाग,
खाली ओळ : महिला कामगार, वय अंदाजे चाळीस.
अक्काताईनं मॉनिटर आपल्याकडं वळवला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "एकतीस होतं."
आणि बोट पडद्याला न लावता, जरा लांबूनच,
"ही करंगळी. हितनं वाकडी, बघा."

मला नाही दिसली.
दिसली म्हटलं.

दोन प्रती काढल्या, पानाला दोन रुपये.
तिनं पाचाचं नाणं ठेवलं, सुट्टे घेतले नाहीत,
कागद युनिफॉर्मच्या आत, पोटाशी धरून
धावत जिना उतरली.

मी माझी वही काढली, ऑफिसची नव्हे, माझी.
'लेबर अँड स्किन' : जुनं नाव, नवं नाव,
कशात कुठून कुठपर्यंत, कुठं नुसता सारांश,
आठवा खंड कुठंच नाही,
ईरण्णाचा दुपारचा नंबर.
सगळं पेन्सिलनं.
जानेवारीत करार बदलतात,
आणि जिथलं तिथं काही राहत नाही.
फक्त समासात, कुणाला कळो न कळो,
पेनानं लिहिलं :
पान ११४, वय एकतीस.