साठ किलो लोखंड, नऊ किलो वारा

कुपवाडला एमआयडीसीच्या कडेला, टर्निंगच्या कारखान्यामागं
आमच्या पुढच्या खोलीत रात्री दोघं श्वास घेतात.
एक यंत्र, एक अण्णा.

यंत्र भिंतीतल्या विजेवर चालतं.
खोलीतली हवा ओढतं, चाळतं,
नको ते खोलीतच परत सोडतं,
हवं ते पातळ नळीतून
नेमगोंडा मगदूम यांच्या नाकापर्यंत आणतं.
कोपऱ्यात काळा सिलिंडर, पांढऱ्या खांद्याचा,
साखळीनं खिडकीच्या गजाला बांधलेला.
वीज गेली तर.

एकतीस वर्षं अण्णांनी हेच वाहिलं,
कुपवाडहून मिरजेच्या दवाखान्यांत,
टेंपोत बावीस नळे उभे, मध्ये जुनी टायरं.
"साठ किलो लोखंड," म्हणायचे, "आत नऊ किलो वारा.
आम्ही लोखंडाचे हमाल, पोरी."

मी टेबलाशी. लॅपटॉपवर अहवाल,
नाव तीन ओळींचं,
प्रश्न एवढाच:
हवा आहे तोवर बाहेरची पिणारं
आणि हवा सरली की पोटातली पिणारं
एकच इंजिन जमेल का?

"काय करायलीस?"
सांगते. अग्निबाण निघतो तेव्हा
त्याच्या शंभर किलोंत साठ-सत्तर किलो
नुसता प्राणवायूच असतो.
आणि निघतो तो हवेतूनच.
"म्हंजे कृष्णेत पोहायचं, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन."
तसंच.
"येडीच की मग ती."

येडी नाहीत, अण्णा.
त्यांची टाकी तुमच्यासारखी नसते,
पत्रा पातळ, वजन सगळं आतल्या द्रवाचं,
आणि तो द्रव दुधाहून स्वस्त.
उलट फुकटची हवा फार महाग पडते.
आवाजाच्या पाचपट वेगानं ती तोंडात घेतली
की भट्टी होऊन आत येते,
पाचातले चार वाटे बिनकामाचे पाहुणे सोबत घेऊन.
पापणी लवायच्या आत तिला गार करायचं,
केसाएवढ्या हजारो नळ्यांतून,
नळ्यांवर बर्फ धरू न देता.
आणि हा सगळा संसार मग
हवा नाही तिथंही पाठीवर न्यायचा.

अण्णा गप्प.
यंत्र धापा टाकतं, त्यांच्या वाटणीच्या.

"हवेत असतो किती वेळ त्यो?"
नुसता अग्निबाण? दोन-अडीच मिनिटं.
"आन तुझा?"
जास्त. हवा प्यायची तर हवेत रेंगाळावं लागतं.
"रेंगाळला की घासणार."
घासणार.

हे मी सात पानांत लिहिलं होतं.

दहा चाळीसला वीज गेली.
कारखान्याचा सूर मधूनच तुटला,
यंत्रानं एक लांब शिट्टी घातली.
मी उठले, खुर्चीला अडखळले,
नळी इकडून काढली. किल्ली. अर्धा वेढा.
तिकडं बसेना.
माझ्या आलेखात या जागेला संक्रमण म्हणतात
आणि तिथं एक तुटक रेघ आहे.
मी ती रेघ बसल्या जागी काढली होती,
चहा पीत.

अंधारात अण्णांचा हात वर.
टेंपो मागं घेताना क्लीनर करतो तसा,
पंजा हलवत: येऊ दे, येऊ दे,
बास.

बुडबुडे सुरू झाले बाटलीत.
बऱ्याच वेळानं आवाज आला,
"किती गेलं?"
अकरा सेकंद.
"लई झालं." मग थांबून, श्वास गोळा करून,
"क्लच दाबला की गाडी कुणाचीच नसते.
तासगावच्या चढाला मी भरल्या गाडीचा गिअर
कधी बदलायचो नाही. खालीच टाकून घ्यायचो."

मी काट्यावर टॉर्च मारला. भरपूर होता.
परत टेबलाशी आले.
निष्कर्षाचा रकाना तसाच कोरा,
त्यात कर्सर लुकलुकत होता.
अख्खी गल्ली काळोखात, पडदा मात्र उजळ:
लॅपटॉप कधी बॅटरीवर आला
मला कळलंही नव्हतं.